न डुगडुगणारा स्टँड

२ नोव्हेंबर, संध्याकाळ

दुर्बीण आली. रिटायर झाल्यावर काय करणार, असं विचारणाऱ्या समस्त मंडळींना हे माझं उत्तर. आकारानं लहान आहे, पण शनीचं कडं स्पष्ट दिसेल असं माहितीपुस्तकात छापलंय.

शनी माझ्यासाठी नाही, हिच्यासाठी. हिने शाळेत जन्मभर भूगोल शिकवला. दर वर्षी फळ्यावर शनी काढायची, आणि कडं म्हणे एका झटक्यात ओढायची, खडू न उचलता. खरा शनी मात्र एकदाही पाहिलेला नाही. तो आता मी दाखवणार. येत्या रविवारी.

दुर्बिणीला पाय नाहीत. खाली तीन रबरी बुटकुल्या आहेत, बस्स. अशा दुर्बिणीला ‘टेबलटॉप’ म्हणतात, म्हणजे टेबलावर ठेवायची. टेबल त्यांनी दिलेलं नाही. किरकोळ बाब.

३ नोव्हेंबर

गच्चीवर नेली. आमच्या घराच्या डोक्यावरच गच्ची, मध्ये एक जिना. जमिनीवर ठेवली तर डोळा लावायची जागा नडगीच्या उंचीवर येते. कुशीवर आडवा पडून चंद्र पाहिला. खड्डे दिसले. उठायला गेलो तर पाठीनं साफ नकार दिला.

ही म्हणाली, मी चटई आणते, आडवी पडून बघते, त्यात काय मोठंसं? मी म्हटलं, मुळीच नाही. शनी ही काय लोळत बघायची गोष्ट आहे? खुर्चीत बसून, ताठ मानेनं बघशील. जरा धीर धर. धरते म्हणाली.

संकल्प: योग्य उंचीचा, न हलणारा स्टँड. जन्म लिफ्टच्या तपासणीत गेला. माझ्या सहीशिवाय या शहरात एक लिफ्ट वर गेली नाही. एक स्टँड म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ.

५ नोव्हेंबर

प्लास्टिकची खुर्ची उलटी करून तिच्यावर पाट. दुर्बिणीत सगळं कितीतरी पटींनी मोठं दिसतं, त्यामुळे हलणंही तितकंच मोठं होतं हे लक्षात आलं. चंद्र वाटीतल्या जेलीसारखा लटलटत होता. ही बराच वेळ डोळा लावून बसली. मग म्हणाली, छान आहे हो, पण हलतंय.

अचूक निदान. खुर्ची बाद.

८ नोव्हेंबर

डोळ्यांच्या डॉक्टरबाईंकडे हिची तारीख होती. मी बाहेर बसून स्टँडचं रेखाचित्र काढलं. शेवटी मलाही आत बोलावलं. बाई डोळ्यामागच्या नसेबद्दल, प्रेशरबद्दल बरंच बोलल्या. सारांश असा की थेंब वेळेवर घालायचे. एवढंसं सांगायला केवढा वेळ घेतला! पुढे म्हणाल्या, आहे ते स्थिर राहील का, हे काही खात्रीनं सांगता येणार नाही. मी म्हटलं, स्थिरतेचा प्रॉब्लेम सध्या आमच्याकडेही चालू आहे. बाई हसल्या नाहीत. ही हसली.

डॉक्टर लोकांना विनोदाचं अंग नसतं.

११ नोव्हेंबर

जेवणाचं टेबल गच्चीवर न्यायचं ठरवलं. माप घेतलं होतं. टेबल जिन्याच्या वळणावर अडकलं. चूक मापाची नाही, जिन्याची आहे. तेवढ्यात खालच्या मजल्यावरचे कर्नल आले. (सैन्यात कधी नव्हते. मिशांमुळे म्हणतात.) वाळत घातलेले कपडे आणायला निघाले होते, ते टेबलाखालून रांगत गेले आणि कपडे घेऊन रांगत परत आले. म्हणाले, लोकांच्या मागे शनी लागतो, तुम्ही शनीच्या मागे लागलाय.

रात्रीचं जेवण आम्ही जिन्यातच उरकलं. टेबल तिथेच होतं ना. ही इतकी हसली की तिला ठसका लागला.

१६ नोव्हेंबर

सुताराला बोलावलं. चांगला चार पायांचा उंच चौरंग सांगितला. त्यानं विचारलं, वर काय ठेवणार, मिक्सर? मी म्हटलं, शनी. त्यानं लगेच ॲडव्हान्स मागितला.

ही आतून म्हणाली, तीन पाय करा, तिवई कधी डुगडुगत नाही. मी म्हटलं, बाई, तुझा विषय भूगोल. तीन पायांवर माझा विश्वास नाही. एक गेला की संपलं. चाराला आधार असतो.

१७ नोव्हेंबर, सकाळ

चहा कपात कमी, बशीबाहेर जास्त. बल्ब मंद झालेत हे उघड आहे. बाजारात जाऊन सगळ्या खोल्यांसाठी दुप्पट उजेडाचे आणले. आता स्वयंपाकघर फोटो स्टुडिओसारखं दिसतं. ही म्हणाली, बरं वाटतंय. मोठे प्रॉब्लेम असे छोट्या उपायांनी सुटतात. माणसाला निदान करता आलं पाहिजे.

हल्ली ही पेपर वाचत नाही. म्हणते, असतं काय त्यात? खरंच आहे. मी वाचून दाखवतो, तेव्हा मलाही तसंच वाटतं.

२३ नोव्हेंबर

चौरंग आला. डुगडुगतो. एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी घातली, मग दुसरा पाय उचलला गेला. तिथे घडी घातली तर पहिला. तासभर मी चौरंगाभोवती प्रदक्षिणा घालत होतो. सुतार म्हणतो, चौरंग सरळ आहे, तुमची गच्ची वाकडी. सुतारांना सबबी फार.

हिला वर बोलावलं. जिना चढताना ती भिंतीवरून हात फिरवत येते. भिंतीवर धूळ किती साचलीय ते बघत असणार. शिक्षकी स्वभाव. खुर्चीत बसली, डोळा लावला. हलतंय का, विचारलं. म्हणाली, हलतंय.

ठीक आहे. शनी कुठे पळून जातो?

२९ नोव्हेंबर

पळून जातो! पुस्तकात पाहिलं. दर आठवड्याला शनी पश्चिमेकडे खाली सरकतोय. समोरच्या इमारतीवर पाण्याची टाकी आहे. जानेवारी संपेपर्यंत संध्याकाळीच तो टाकीआड जाणार. आता युद्धपातळीवर काम.

मुलीचा फोन आला. ती दूरच्या शहरात नोकरी करते आणि तिथूनच काळजी करते. विचारत होती, बाबा, आईला कितपत दिसतं? मी म्हटलं, स्टँड हलतोय म्हणून नीट दिसत नाही, तेवढं काम चालू आहे. मग म्हणाली, आईकडे फोन द्या. दोघी हळू आवाजात बोलत बसल्या. मायलेकींचं काय चालतं कोण जाणे.

६ डिसेंबर

रंगाचा रिकामा लोखंडी पिंप, त्यात वाळू. वाळू बादलीनं वर नेली, तीही एकट्यानं. कर्नल म्हणाले, गच्चीवर एवढं वजन चालेल का? मी म्हटलं, वजनाचं मला शिकवू नका. पिंप तळाशी गंजलेला आहे हे दुकानदारानं सांगायला हवं होतं. संध्याकाळी तळ सुटला. वाळू पन्हाळीत गेली, पन्हाळी तुंबली. कर्नलच्या बाल्कनीत आता छोटासा समुद्रकिनारा आहे. कर्नल कर्नलासारखे बोलले.

शनी त्या वेळी अगदी समोर होता. दुर्बीण माझ्या मांडीवर होती.

१४ डिसेंबर

मला एक अभिनव कल्पना सुचली: तीन पाय. तीन टोकं कुठेही नीट टेकतात. वेल्डरकडून लोखंडी तिवई करून घेतली. ही म्हणाली, छान सुचलं हो तुम्हाला.

संध्याकाळी लावली. मी पाहिलं. शनी! राईएवढा, पण कडं अगदी चाकूनं कोरल्यासारखं. हललाच म्हणाल तर केसभर. हिला बसवलं. दुर्बिणीतून ग्रह हळूहळू सरकून बाहेर जातो, म्हणून मी मध्येमध्ये पुन्हा लावून देत होतो. दिसलं का? म्हणाली, हलतंय अजून थोडं.

मी परत पाहिलं. स्थिर. तिनं पाहिलं. हलतंय.

विचार केला. ती बसली की खुर्चीमुळे लादी थरथरत असणार. म्हटलं, श्वास रोखून बघ. तिनं रोखला. बराच वेळ रोखला. चेहरा लाल झाला, तेव्हा मीच म्हटलं, सोड.

तिवई हलकी पडते. वजन हवं.

२० डिसेंबर

ही म्हणाली, माझ्या शिलाई मशीनचा स्टँड घ्या ना. बिडाचा आहे, हत्ती बसला तरी हलायचा नाही. उंचीही बेताची आहे.

मी म्हटलं, आणि शिवणार कशावर? म्हणाली, आता मला कुठे काय शिवायचंय?

मुलीचे शाळेचे फ्रॉक, घरातले पडदे, उशांचे अभ्रे, सगळं त्या मशीनवर झालंय. मशीनवरून ती कोणाला हातसुद्धा फिरवू देत नसे. बायकांचा त्याग म्हणतात तो असा. मी तिला म्हटलं, तुझं नाव या मोहिमेच्या इतिहासात लिहिलं जाईल. ती मशीनच्या चाकावरून बोटं फिरवत होती. म्हणाली, लिहा.

२७ डिसेंबर

मशीन स्टँडवरून सोडवलं. बोल्ट गंजले होते, तेल सोडून एक रात्र ठेवले. मशीनचं डोकं हिने स्वतः चादरीत गुंडाळून कपाटात ठेवलं. एका ठिकाणीही अडखळली नाही. घर तिला इतकं पाठ आहे की डोळे मिटून वावरेल. मी मात्र दोनदा बादलीला ठेचकाळलो.

कर्नल आणि मी मिळून स्टँड वर नेला. कर्नलनी वाळूचा विषय काढला नाही. मोठा माणूस आहे. वर पोचल्यावर मात्र मला बाजूला घेऊन म्हणाले, वहिनींना जिन्यात कोणी तरी धरायला हवं हो. मी म्हटलं, ती धूळ बघत येते. ते माझ्याकडे बघत राहिले.

४ जानेवारी, दुपार

पायडल तारेनं बांधलं. चाकांखाली रबराचे तुकडे. वर जाड फळी, बोल्टनं आवळलेली. लेव्हल लावली: बुडबुडा बरोबर मध्ये. स्टँडला धक्का देऊन पाहिला. माझा खांदा दुखावला, स्टँड ढिम्म. आयुष्यात इतकी सरळ गोष्ट मी क्वचित तपासली असेल.

आभाळ स्वच्छ आहे. आज.

४ जानेवारी, संध्याकाळ

दिवेलागणीनंतर शनी धरला. मध्यभागी. स्थिर. फोटोसारखा. मी जिन्यातूनच हाक मारली. ही तोंड धुऊन, शाळेत नेसायची ती कडक साडी नेसून जिन्यापाशी आली. जिना चढायला तिला वेळ लागतो, म्हणून दव पडू नये याकरता दुर्बिणीला झाकण लावून मी तिला आणायला गेलो. कर्नलचं म्हणणं नको राहायला.

ती बसली. दुर्बिणीवर नेम धरायला लाल ठिपक्याची छोटी नळी असते, तिच्यातून बघून मी शनी पुन्हा मधोमध आणला. घाईत होतो. म्हटलं, बघ.

तिनं डोळा लावला. मी विचारलंच नाही, विचारायची भीती वाटत होती. थोड्या वेळानं तीच म्हणाली, “अहो, दिसलं!”

“हलतंय?”

“मुळीच नाही. काय सुंदर हो. कडंसुद्धा दिसतंय. मी फळ्यावर काढायची ना, अगदी तस्संच.”

तिनं माझा हात हातात घेतला. म्हणाली, “फार कष्ट घेतलेत. झालं आता. आता तुम्ही बघा.”

ती उठली, मी बसलो. सगळं काळं होतं.

सरकला असेल म्हणून हलवून पाहिलं. काळं. मग हात पुढे नेला तर झाकण लागलं. मीच लावलेलं. काढलंच नव्हतं.

काढलं. शनी जागेवर होता. कडं होतं. अजिबात हलत नव्हता.

ती मागे उभी होती. म्हणाली, “बघितलंत? छान आहे की नाही?”

मी म्हटलं, छान आहे.

५ जानेवारी, सकाळ

झोप नाही. चहा मीच केला. हातात कप दिला तेव्हा ही म्हणाली, “काल झाकण होतं ना?”

मी तिच्या शेजारी बसलो.

“काढलंत तेव्हा टक् आवाज झाला. मग कळलं.”

विचारलं, कधीपासून? म्हणाली, चंद्र पाहिला त्या दिवशी उजव्यानं बरं दिसत होतं. चंद्र दिसला होता, खरंच दिसला. तुमच्या खुर्चीवर तो खरोखर हलतही होता. चौरंगाच्या वेळी नुसता धूर. तिवईला काही नाही.

मग ‘हलतंय’ असं का म्हणायचीस? म्हणाली, पहिल्यांदा हलत होतं म्हणून म्हटलं. नंतर दुसरं काय म्हणावं सुचेना. तुम्ही इतक्या उत्साहात होता. रिटायर झाल्यापासून तुम्हाला असं पाहिलंच नव्हतं. सकाळी उठून शीळ घालत होता. आणि स्टँड नीट झाला की सगळं नीट होईल, असं तुम्ही बोलायला लागलात की मलाही घटकाभर तसंच वाटायचं.

मुलीला माहीत होतं. कर्नलला माहीत होतं. कपबशीलासुद्धा माहीत होतं.

मी म्हटलं, मला एकदा सांगायचंस तरी. ती म्हणाली, “अहो, डॉक्टरबाईंनी तुमच्यासमोरच सांगितलं होतं.”

चहा गार झाला.

९ जानेवारी

डॉक्टरबाईंकडे. या वेळी पहिल्यापासून आत बसलो. त्यांनी तेच सांगितलं, त्याच शब्दांत. डावा डोळा गेलेलाच होता. उजव्याला आता उजेड आहे की नाही एवढंच कळतं. तेही किती टिकेल सांगता येत नाही. मी विचारलं, मोठ्या शहरात, मोठ्या दवाखान्यात? म्हणाल्या, जाऊन या, मी अडवणार नाही. नस सुकली की परत येत नाही. मग थांबून म्हणाल्या, थेंब चालू ठेवा.

मी म्हटलं, हो, वेळेवर घालतो.

परतताना हिचा हात धरून रस्ता ओलांडला. हात धरून चालायची सवय आम्हाला नाही. लग्नानंतरसुद्धा नव्हती. लोक बघतात असं वाटत होतं. कोणी बघत नव्हतं.

१० जानेवारी

दुप्पट उजेडाचे बल्ब काढून जुने लावले. मग पुन्हा मोठे लावले. उजेड कळतो म्हणाल्या ना.

१३ जानेवारी

मुलगी आली होती. दोन दिवस राहून गेली. माझ्यावर रागावली नाही, हे जास्त लागलं. निघताना तिनं विचारलं, दुर्बिणीचं काय करणार? मी म्हटलं, देऊन टाकतो कुठल्या तरी शाळेला. आतून ही म्हणाली, कशाला? खबरदार.

१८ जानेवारी

ही म्हणाली, गच्चीवर चला. मी म्हटलं, कशाला? म्हणाली, स्टँड फुकट जाईल.

तिला खुर्चीत बसवलं, शाल दिली. मी स्टूल घेतलं. शनी आता टाकीच्या अगदी माथ्याशी टेकलाय. लावला. म्हणाली, सांगा.

मी म्हटलं, गोल आहे. भोवती कडं आहे.

“ते मी पोरांना जन्मभर सांगितलं. तुम्हाला काय दिसतं?”

मी बघत राहिलो. मला सांगता येईना. लिफ्टच्या रिपोर्टात वर्णन नसतं, ठीक किंवा ठीक नाही, एवढंच असतं. तिनं विचारलं, कडं कलतं आहे का? कलतं आहे म्हटलं. किती? तिचा हात धरून तळवा तेवढाच कलता करून दाखवला. रंग?

“पिवळट.”

“कसला पिवळट? पिवळे शंभर असतात.”

वर्तमानपत्र जुनं झाल्यावर होतं तसा म्हटलं. छे, तो तपकिरी, म्हणाली. मग म्हटलं, दिव्यासारखा. कुठल्या दिव्यासारखा? परीक्षाच ती. खूप वेळ विचार केला. मग आठवलं. म्हटलं, मुलगी लहान असताना आपल्या स्वयंपाकघराच्या भिंतीला जो रंग होता, तो. सकाळचं ऊन पडायचं तेव्हा दिसायचा तसा.

पुढे वाकून बसली होती, तोंड आभाळाकडे, भलत्याच दिशेला.

“हां,” ती म्हणाली. “तो पिवळा. तो आठवतो मला.”

आणि मग अजून सांगा, अजून सांगा, म्हणत राहिली. मी सांगत राहिलो. शनी केव्हाच टाकीआड गेला होता.